कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय, पण कोणता?

ऑगस्ट २०२५मध्ये ई-२० पेट्रोलवरून देशभर गदारोळ झाला. वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या गाड्यांना मानवेल का, यावर वाद पेटला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १ सप्टेंबरला न्यायालयाने याचिका फेटाळली. तेव्हापासून दुचाकीच्या प्रत्येक दुखण्याला एकच निदान ठरून गेलंय. सकाळी किक मारून मारून दमलात? इथेनॉल. सिग्नलला गाडी बंद पडते? इथेनॉल. आणि उपायही ठरलेला: "कार्बोरेटर साफ करून घ्या."

तो घरी साफ करता येतो का? येतो. हातात पाना धरायची सवय असेल तर एका रविवारचं काम आहे. गोंधळ होतो तो पद्धतींचा. मोबाइलवर शोधायला गेलं की कोणी कार्बोरेटर लिंबाच्या पाण्यात उकळतो, कोणी स्प्रे मारतो, कोणी टाकीत बाटली ओततो, कोणी जेटमध्ये तार घालतो. गाडी 'नव्यासारखी' झाल्याचं प्रत्येकजण शपथेवर सांगतो आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. कारण यातली जवळजवळ प्रत्येक पद्धत एका प्रकारच्या कचऱ्यावर लागू पडते, दुसऱ्यावर अजिबात नाही, आणि एखादी तर उलट नुकसान करते. म्हणून आधी आत काय अडकलंय ते ओळखायचं.

मुळात तुमच्या गाडीला कार्बोरेटर आहे का?

१ एप्रिल २०२०पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक कंपन्यांनी दुचाकीतला कार्बोरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवलं. त्यात पेट्रोल किती सोडायचं हे संगणक ठरवतो. म्हणजे २०२०नंतरची गाडी असेल तर बहुधा हा लेख तुमच्यासाठी नाही, आणि इंजेक्टरवर यातला कोणताही प्रयोग करू नका. मात्र त्याआधीच्या स्प्लेंडर, पॅशन, बॉक्सर, बुलेट, अॅक्टिव्हा आणि अजूनही जिवापाड जपल्या जाणाऱ्या आरएक्स १०० या कार्बोरेटरवाल्याच. त्या रस्त्यावर अजून भरपूर आहेत. खाली जे सांगतोय ते मुख्यतः १०० सीसीच्या साध्या कार्बोरेटरला धरून आहे.

आत नेमकं चालतं काय

इंजिनात पेट्रोल थेट ओतून चालत नाही. त्याचा बारीक फवारा व्हावा लागतो आणि तो हवेत ठरावीक प्रमाणात मिसळावा लागतो. साध्या पेट्रोलचं हे प्रमाण एक किलोला साधारण १४.७ किलो हवा असं आहे.

पूर्वी डासांसाठी घरोघरी फ्लिटचा पंप असायचा. दांडा दाबला की हवेचा झोत एका बारीक नळीच्या तोंडावरून जायचा, डब्यातलं औषध त्या नळीतून वर खेचलं जायचं आणि पुढे फवारा उडायचा. कार्बोरेटर म्हणजे तोच पंप, फक्त इथे हवा दांड्याने ढकलली जात नाही, इंजिनातला पिस्टन ती ओढून घेतो. हवा ज्या नळीतून आत जाते ती मध्ये अरुंद केलेली असते. अरुंद जागेत हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल आपोआप वर ओढलं जातं.

वाटीत पेट्रोल नेहमी एकाच पातळीला राहावं म्हणून आत प्लॅस्टिकचा फ्लोट तरंगतो. पातळी वाढली की तो वर येतो आणि रबराच्या टोकाची एक छोटी सुई वर ढकलून पेट्रोलची वाट बंद करतो. पातळी उतरली की वाट पुन्हा उघडते.

वाटीतून वर जायला पेट्रोलला दोन मुख्य वाटा असतात आणि प्रत्येकीच्या तोंडाशी एक जेट असतो. जेट म्हणजे मधोमध नेमक्या मापाचं भोक पाडलेला पितळेचा छोटा स्क्रू. गाडी जागेवर चालू असताना आणि अगदी हळू चालवताना पेट्रोल येतं ते पायलट जेटमधून (गॅरेजमध्ये याला स्लो जेटही म्हणतात). रेस वाढवली की मेन जेट कामाला लागतो. मेन जेटच्या वाटेत वरून एक निमुळती सुई लोंबत असते. अॅक्सिलरेटर पिळला की ती वर उचलली जाते आणि वाट मोठी होते.

आता मापं बघा. केहिन कंपनीच्या जेटवर ३५, ३८ असे आकडे कोरलेले असतात. ते भोकाचा व्यास सांगतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. म्हणजे ३८ नंबरच्या पायलट जेटचं भोक ०.३८ मिलिमीटरचं. मेन जेटचं भोक त्याच्या साधारण दुप्पट. म्हणून कचरा आला की पहिला बळी बहुतेक वेळा पायलट जेटचा पडतो, आणि म्हणूनच "चोक ओढला की चालते, चोक सोडला की बंद पडते" ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. गाडी हळू नीट चालते पण पूर्ण रेस दिली की गुदमरते, तर संशय मेन जेटवर. गाडी उभी असताना खालच्या नळीतून पेट्रोल टपकतंय, म्हणजे ओव्हरफ्लो होतोय, तर जेटशी संबंध नाही. फ्लोटची सुई नीट बसत नाहीये.

कचरा तीन जातींचा

पहिली जात गमची. पेट्रोल दीर्घकाळ उभं राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याचा हवेशी संबंध येऊन चिकट थर तयार होतो. वाटी उघडली की तळाशी मधाच्या रंगाचा लेप दिसतो आणि पेट्रोलऐवजी जुन्या वॉर्निशसारखा आंबूस वास येतो. वाटीत पेट्रोल असतं जेमतेम काही चमचे, त्यामुळे टाकीतलं बरं असलं तरी वाटीतलं आधी बिघडतं. मुंबईला नोकरी आणि कोकणात गाडी, अशी ज्यांची व्यवस्था आहे त्यांना हा अनुभव दर गणपतीला येतो. शिमग्याला उभी केलेली गाडी भाद्रपदात किकला दाद देत नाही.

दुसरी जात गंजाची आणि मातीची. अर्धवट रिकाम्या टाकीच्या आतल्या पत्र्यावर दमट हवेचं पाणी सुटतं, पत्रा गंजतो आणि लालसर बारीक कण खाली येतात. बोटांवर चोळले तर खरखरीत लागतात. हा कचरा कोणत्याही द्रावणात विरघळत नाही.

तिसरी जात पाण्याची. पावसात टाकीच्या झाकणाचं रबर कुजलेलं असलं की पाणी आत उतरतं. साध्या पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ मिसळतच नाही. इथेनॉल मात्र पाणी धरून ठेवतं, त्यामुळे ई-२०मध्ये थोडं पाणी विरघळून इंजिनातून निघूनही जातं. पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून सुटतात आणि जड असल्याने तळाशी बसतात. वाटीच्या तळाशी नेमकं मेन जेटचं तोंड असतं. शिवाय असं पाणी महिनोन्‌महिने राहिलं की कार्बोरेटरचा धातू, जो जस्ताचा किंवा अॅल्युमिनियमचा मिश्रधातू असतो, तो झिजून पांढरी, कधी हिरवट भुकटी धरतो. ही भुकटी पायलट जेटच्या तोंडाशी दगडासारखी बसते आणि तीच सगळ्यात चिवट.

उघडण्याआधी

आधी प्लग काढून बघा. काळा, ओला, झिजलेला असेल तर बदला, स्वस्त आहे. एअर फिल्टर धुळीने भरलाय का तेही बघा. कार्बोरेटरच्या नावाने उघडलेल्या कित्येक गाड्या खरं तर प्लगच्या असतात.

मग वाटीच्या तळाशी असलेला ड्रेन स्क्रू शोधा. माझ्या मते गाडीवरचा सगळ्यात दुर्लक्षित स्क्रू हाच. इंजिन गार असताना पेट्रोलचा कॉक बंद करा, काचेची बाटली खाली धरा आणि स्क्रू दोन वळसे सैल करा. जे पडेल ते तसंच उभं ठेवून उजेडात बघा. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसला तर पाणी, लाल कण दिसले तर टाकीचा गंज, पिवळट-तपकिरी रंग आणि आंबूस वास आला तर गम. मग बाटली रिकामी करून पुन्हा खाली धरा, कॉक थोडा वेळ चालू ठेवून ताजं पेट्रोल वाटीतून वाहू द्या, स्क्रू घट्ट करा आणि गाडी सुरू करून बघा. नुसतं पाणी किंवा थोडी घाण असेल तर काम इथेच संपतं. पाच मिनिटं लागतात आणि काहीही उघडावं लागत नाही.

उघडायचाच असेल तर

जागा मोकळी हवी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर निघून न जाता जमिनीलगत पसरते आणि लांबवरची ठिणगीसुद्धा पकडते. बंद गॅलरी, स्वयंपाकघराचं दार, शेजारी लावलेली उदबत्ती, यांपैकी काहीही जवळ नको. डोळ्यांना चष्मा लावा. स्प्रे एका भोकात मारला की तो दुसऱ्या भोकातून उडतो आणि ते दुसरं भोक हटकून तुमच्या चेहऱ्याकडे असतं.

आधी बाहेरची माती ब्रशने काढा, नाहीतर तीच आत जाईल. कार्बोरेटर सोडवताना प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. वरचं झाकण फिरवलं की केबलला लटकलेला पिस्टनसारखा भाग आणि त्याची सुई बाहेर येते. ती वाकू देऊ नका, कपड्यात गुंडाळून बाजूला टांगून ठेवा.

वाटीचे स्क्रू मऊ धातूत बसवलेले असतात. पेचकस खाचेत नेमका बसणारा घ्या, अंगाचा भार टाकून दाबा आणि मग फिरवा. डोकं गेलं की पुढचा दिवस त्यातच जातो. फ्लोटची पिन दोन बारीक खांबांत असते. ती हलक्या हाताने एका बाजूने ढकलायची. ठोकलीत तर खांब तुटतो आणि मग अख्खा कार्बोरेटर बदलावा लागतो.

मेन जेट मधोमध, सहज निघतो. पायलट जेट त्याच्या शेजारी खोल विहिरीत. त्याला अरुंद पण खाचेइतक्याच रुंदीचं पातं लागतं. काही कार्बोरेटरमध्ये तो दाबून बसवलेला असतो आणि निघतच नाही. तिथे जबरदस्ती नको, जागेवरच साफ करायचा.

बाहेरच्या अंगाला एक छोटा स्क्रू असतो, ज्याला सगळे एअर स्क्रू म्हणतात. तो काढण्याआधी हळूच आत फिरवत नेऊन किती वळशांवर टेकतो ते मोजा आणि लिहून ठेवा. आत टेकल्यावर जोर लावू नका, त्याचं टोक तिथेच मोडतं. मग बाहेर काढा. त्याच्यासोबत स्प्रिंग निघेल, पण अनेक कार्बोरेटरमध्ये एक नखाएवढा वॉशर आणि मोहरीएवढ्या जाडीची रबराची रिंग आतच चिकटून राहते. ती बघायचं लोक हमखास विसरतात, स्प्रे मारतात, रिंग फुगते किंवा उडून जाते आणि मग गाडी कधीच स्लोला स्थिर होत नाही. बारीक आकड्याने ती आधी बाहेर घ्या.

१५० सीसीच्या अनेक गाड्यांमध्ये वर रबराचा पातळ पडदा असलेला व्हॅक्यूम कार्बोरेटर असतो. तो पडदा काढून बाजूला ठेवल्याशिवाय स्प्रे हातात घेऊ नका. क्लीनर लागलेलं रबर फुगतं आणि सुरकुततं.

कोणत्या कचऱ्याला काय

गमला द्रावण लागतं. बाजारात मिळणारा कार्बोरेटर क्लीनर स्प्रे यासाठीच बनवलेला आहे. पितळेचे जेट एका काचेच्या वाटीत क्लीनरमध्ये रात्रभर बुडवून ठेवले तर बहुतेक गम सुटतो. पेट्रोलने धुतलं तरी ताजा गम जातो, पण वाळून कडक झालेला जात नाही. रॉकेल त्याहून मंद आणि मागे तेलकट थर ठेवतं. रंगाचं थिनर गम झटक्यात खातं, हे खरं. पण फ्लोट आणि रबरही खातं. वापरायचं तर फक्त सुट्या जेटवर.

गंजाला आणि मातीला हवा लागते. सायकलचा पंप पुरतो, पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर असेल तर उत्तम, मात्र फ्लोट काढलेला असताना. हवा पेट्रोल ज्या दिशेने जातं तिच्या उलट दिशेने मारा, म्हणजे कण आले तसे मागे निघतील. आणि टाकी गंजलेली असेल तर कार्बोरेटर साफ करणं म्हणजे आठवडाभराची सोय. टाकी साफ करून घ्या आणि पेट्रोलच्या नळीत छोटा फिल्टर बसवा.

पांढऱ्या भुकटीला मात्र सोपं उत्तर नाही. इथेच लिंबू, चिंच आणि व्हिनेगर पुढे येतात. चिंचेने तांब्या-पितळेची भांडी लखलखतात हे आपल्या घरात सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे मोह होणं स्वाभाविक आहे. आम्लाने ही भुकटी विरघळते, हेही खरं. पण ते तेवढ्यावर थांबत नाही. भुकटी संपली की खालचा जस्त-अॅल्युमिनियमचा धातूही विरघळायला लागतो, पृष्ठभाग काळपट आणि खडबडीत होतो आणि सुई जिथे घट्ट बसायला हवी तिथे सांध पडते. सुटा पितळेचा जेट लिंबूपाण्यात थोडा वेळ ठेवून लगेच धुतला तर हरकत नाही. पूर्ण कार्बोरेटर उकळायला टाकू नका. आणि गमवर लिंबाचा उपयोगच नाही. लिंबात उकळून गम गेल्याचं जे दिसतं त्यातला मोठा वाटा गरम पाण्याचा असतो.

त्यापेक्षा चष्मे आणि दागिने धुवायचं अल्ट्रासॉनिक यंत्र मिळालं तर घ्या. त्यात कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब घालायचे. यंत्राच्या कंपनांनी पाण्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे फुटतात आणि जिथे ब्रश किंवा तार पोचत नाही तिथली भुकटीही सुटते. दहा-पंधरा मिनिटं बास. त्यात पेट्रोल कधीही ओतू नका. विजेवर चालणारं, गरम होणारं यंत्र आणि पेट्रोलची वाफ यांचं पुढे काय होतं ते सांगायला नको. नंतर प्रत्येक भोकात हवा मारून पूर्ण कोरडं करा.

पद्धत कोणतीही असो, साफ झालं की नाही हे डोळ्यांनी ठरवा. पायलट जेटच्या विहिरीत स्प्रेची नळी लावून दाबा. द्रावण हवेच्या मुख्य नळीतल्या बारीक छिद्रातून, एअर स्क्रूच्या भोकातून आणि फिल्टरकडच्या तोंडाशी असलेल्या छिद्रातून बाहेर आलं पाहिजे. एखाद्या ठिकाणहून आलं नाही तर ती वाट अजून बंद आहे, वरून कितीही चकचकीत दिसो. सुटा जेट उजेडाकडे धरून बघा: भोक गोल आणि स्वच्छ दिसायला हवं, कडेला बारीकशी किनार दिसली तरी ती कचऱ्याचीच.

"पण मेकॅनिक तर सर्रास तार घालतो"

घालतो, आणि गाडी चालूही होते. गिऱ्हाईक वाट बघत उभं असतं, जेट रात्रभर भिजवायला त्याच्याकडे वेळ नसतो. हेही समजून घ्यायला हवं. पण पितळ पोलादापेक्षा मऊ असतं. सुई किंवा पोलादी तार फिरवून ०.३८चं भोक ०.४२ झालं तर डोळ्याला फरक कळणार नाही. भोकाचं क्षेत्रफळ मात्र सुमारे २२ टक्क्यांनी वाढतं. तेवढं जादा पेट्रोल रोज जळत राहतं, प्लग काळा पडतो आणि सहा महिन्यांनी आपण म्हणतो की गाडी जुनी झाली, अॅव्हरेज देत नाही.

भिजवूनही भोक मोकळं झालं नाही तर विजेच्या लवचिक वायरीतला तांब्याचा एकच तंतू घ्या. तो मऊ असतो आणि भोकापेक्षा बारीक. सरळ आत-बाहेर करायचा, गोल फिरवायचा नाही. त्यानेही जमलं नाही तर त्याच नंबरचा नवा जेट आणा. नंबर मात्र तोच, आणि कंपनीही तीच. मिकुनी या दुसऱ्या कंपनीच्या काही जेटवरचा आकडा व्यास सांगत नाही, प्रवाह सांगतो, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांना लावून चालत नाही.

"टाकीत बाटली ओतली की झालं ना?"

गमचा पातळ थर असेल आणि गाडी चालू असेल तर काही टाक्या पेट्रोल जळल्यावर फरक पडू शकतो. पण ते द्रावण कचऱ्यापर्यंत पोचायला आधी पेट्रोल त्या वाटेने वाहिलं पाहिजे. पूर्ण बंद झालेल्या पायलट जेटमधून काहीच वाहत नाही, मग औषध पोचणार कसं? गंजाच्या कणांवर तर त्याचा परिणाम शून्य. चालू इंजिनात हवेच्या तोंडाने स्प्रे मारायची पद्धतही अशीच: मुख्य नळी चकाचक, जेट होते तसेच, कारण जेट त्या वाटेवर नसतातच. त्यात इंजिनाने उलटा भडका मारला तर हातातल्या डब्याचं काय, हा विचार कोणी करताना दिसत नाही.

"मग इथेनॉलचा काहीच दोष नाही?"

आहे, पण दोन वेगळ्या गोष्टी आपण एकत्र करतोय. इथेनॉल चांगलं द्रावक आहे. वर्षानुवर्षं टाकीच्या तळाशी शांत बसलेला जुना थर ते सैल करतं आणि तो खाली कार्बोरेटरमध्ये येतो. हा कचरा साफ करता येतो, एक-दोनदा केला की संपतोही. जुनं रबर कडक होणं किंवा फुगणं, हाही इथेनॉलचाच भाग; नळ्या आणि पॅकिंग बदलून तो सुटतो.

दुसरी गोष्ट साफसफाईने सुटणारी नाही. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते: किलोला सुमारे नऊ किलो. ई-२०साठी प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. इंजेक्शनवाली गाडी सेन्सर बघून पेट्रोल वाढवते. कार्बोरेटरचा जेट तेवढंच सोडणार, कारण भोकाला काय वाहतंय ते कळत नाही. मिश्रण थोडं 'पातळ' होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, सकाळी चोक जास्त वेळ लागतो. त्यात इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के इथेनॉलला जुळवलेल्या दुचाकींचं मायलेज ई-२०वर ३ ते ४ टक्के घटेल, असा अंदाज दिला आहे. एवढी घट झाली असेल तर कार्बोरेटर दहा वेळा धुऊनही ती भरून निघणार नाही. मायलेज साठवरून पंचेचाळीसवर आलं असेल तर मात्र कारण पंपावर शोधू नका, गाडीत शोधा.

"दर सर्व्हिसिंगला साफ करून घ्यावा का?"

नको. रोज चालणाऱ्या गाडीत ताजं पेट्रोल सतत वाहत असतं, गम धरायला वेळच मिळत नाही. प्रत्येक वेळी उघडताना स्क्रूची डोकी झिजतात, पॅकिंग ताणलं जातं, एअर स्क्रू हलतो. बिलावर 'कार्बोरेटर क्लीनिंग' दिसलं की आधी विचारा, गाडीला त्रास काय होता?

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून ड्रेन स्क्रूने वाटी रिकामी करा, आणि टाकी वरपर्यंत भरून ठेवा म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. एवढ्याने पुढची साफसफाई बहुतेक वेळा टळते.

बसवताना आणि नंतर

वाटीचं रबरी पॅकिंग पेट्रोलने फुगून खाचेत बसेनासं होतं. ओढाताण करू नका, तासभर वाऱ्यावर ठेवलं की पुष्कळदा पूर्ववत होतं. फ्लोट बसवल्यावर, कार्बोरेटर गाडीला लावण्याआधी, पेट्रोलच्या नळीला फुंकर मारून बघा. सरळ धरल्यावर हवा आत गेली पाहिजे, उलटा धरल्यावर अडली पाहिजे. उलटा धरूनही हवा जात असेल तर सुईच्या रबरी टोकावर गोल खाच पडलेली दिसेल. ती सुई बदला, नाहीतर गाडीला लावल्यावर ओव्हरफ्लो ठरलेला.

एअर स्क्रू लिहून ठेवलेल्या वळशांवर आणा. गाडी दोन-चार किलोमीटर चालवून इंजिन गरम करा, स्लोचा स्क्रू (जागेवर उभ्या गाडीचं इंजिन किती वेगाने फिरेल ते ठरवणारा) किंचित वाढवा आणि मग एअर स्क्रू पाव-पाव वळसा फिरवत इंजिनाचा आवाज सगळ्यात जास्त आणि एकसारखा कुठे होतो ते ऐका. तिथे थांबा आणि स्लो पुन्हा कमी करा. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्यावर पेट्रोल वाढतं, फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा वाढते, हे लक्षात ठेवा. अर्धा गोंधळ यातूनच होतो.

एवढं करूनही इंजिन आपोआप रेस धरत असेल, वर-खाली होत असेल, तर कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या रबरी तुकड्यावर ब्रशने साबणाचं पाणी लावा. इंजिनाचा आवाज तेवढ्यापुरता बदलला तर तिथे चीर आहे आणि ती बाहेरची हवा ओढतेय. तो रबरी तुकडा बदला, कार्बोरेटर पुन्हा उघडू नका.